रे. नारायण वामन टिळक : शास्त्र अंतःकरणात वाचणारा भक्त



नागपुराहून पूर्वेकडे जाणारी आगगाडी आमच्या भंडारा जिल्ह्यातून जाते. भंडारा रोड व तुमसर रोड ही स्थानके मागे टाकून ती वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गोंदिया, डोंगरगड ह्या वाटेने राजनांदगावास पोहोचते. गोंदिया १९९९ साली निराळा जिल्हा झाला. त्यापूर्वी तोही आमच्याच जिल्ह्यात मोडत असे. भाताची खाचरे, गावोगावचे तलाव व मधून मधून येणारे सागाचे रान ह्यांतून हा लोहमार्ग गेला आहे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ जण ह्या गाडीने नित्य जातात येतात. परंतु आमच्या मराठी मंडळीच्या इतिहासातील एक फार मोठी गोष्ट ह्याच वाटेवर सुरू झाली, हे थोड्यांस ठाऊक आहे.

१८९३ साली सुमारे बत्तीस वर्षांचा एक ब्राह्मण पंडित राजनांदगाव संस्थानात नोकरी धरण्यासाठी नागपुराहून ह्या गाडीत बसला. त्याचे नाव नारायण वामन टिळक. त्याच डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचे बोलणे आधी काव्याविषयी झाले व मग धर्माकडे वळले. त्या गृहस्थांनी टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली व ती मनापासून वाचा असे विनविले. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांस हे भाकीत हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता, आणि दिला शब्द पाळणे हा त्यांचा स्वभाव होता.

ह्या लेखात त्या पुरुषाचे चरित्र आम्ही थोडक्यात सांगणार आहो. हे चरित्र निवडण्यास एक विशेष कारण आहे. शास्त्रातील कथा व वचने ही मनुष्याच्या अंतःकरणात घडणाऱ्या गोष्टींची चिन्हे समजून वाचावी काय, हा प्रश्न आमचे उपदेशक बंधू आम्हांस वारंवार विचारतात. मिसर देश म्हणजे आपल्या आतील दास्य, तांबडा समुद्र म्हणजे जुन्या जिण्यातून बाहेर पडण्याची वाट, बेथलेहेमातील गव्हाण म्हणजे दीन झालेले हृदय, असे अर्थ कोणी सांगितले की श्रोत्यांस गोड वाटतात. कित्येकांस मात्र भय वाटते की अशाने खरा इतिहास हातचा जाईल व उरेल ती केवळ कल्पना. ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वाद करून मिळणार नाही असे आम्हांस वाटते. ज्याने शास्त्र आपल्या आत उतरू दिले व त्याची किंमत भरली, अशा एका मनुष्याचे जिणे पाहिले असता ते अधिक सुलभतेने मिळेल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक होती व तिला काव्याची आवड होती. भक्ती व कविता ही दोन्ही धने टिळकांस आईकडूनच मिळाली. पण ती माउली त्यांच्या बालपणीच निवर्तली, आणि घरात मुलाचे मन रमेना. पुढे ते नाशिकास आले व गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत शिकले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. ज्या मुलीशी झाला ती पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली. तिचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे १९३४ ते १९३६ ह्या वर्षांत भागाभागाने प्रसिद्ध झाले. टिळकांच्या घरातील सुखदुःखे आपणांस मुख्यतः त्याच पुस्तकावरून समजतात.

टिळकांचे तारुण्य भटकंतीत गेले. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक, असे त्यांचे उद्योग पालटत. एका ठिकाणी राहवत नसे व हाती पैसा टिकत नसे. गरजवंत दिसला की असेल ते देऊन मोकळे होत आणि घरी चूल कशी पेटेल ह्याची चिंता लक्ष्मीबाईंवर पडे. नागपुरास त्यांना बुटी ह्या धनिक घराण्याचा आश्रय मिळाला. तेथे ते संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते, व धर्मविषयक चर्चेसाठी ऋषि नावाचे मासिकही त्यांनी चालविले. त्या काळीच त्यांच्या मनात एक मोठी खळबळ सुरू झाली होती. आपला देश विस्कटलेला आहे, जातिभेदाने माणसास माणूस पारखा झाला आहे, आणि ह्यावर जो धर्म औषध देईल तोच देशाचा धर्म होण्यास योग्य, असे त्यांस वाटू लागले होते. ह्याचा अर्थ असा की, गाडीतील ते पुस्तक रिकाम्या मनात पडले नाही. शेतकरी बंधूंनो, पेरणीपूर्वी नांगरट झालेली असावी लागते, हे आपण जाणताच.

राजनांदगावास पोहोचल्यावर टिळक शब्द पाळण्यासाठी वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानाची पहिली पाने त्यांनी विद्वानाच्या रीतीने, खुणा करीत वाचली. पण पाचव्या अध्यायापासून सातव्यापर्यंतचे डोंगरावरील प्रवचन समोर आले तेव्हा त्यांच्याने पुढे जाववेना. आपल्या मनात वर्षानुवर्षे जे प्रश्न होते त्यांची उत्तरे ह्या तीन अध्यायांत आहेत, असे त्यांस दिसून आले.

ह्या तीन अध्यायांत असे काय आहे, ह्याचा विचार आपण करावा. त्यांत समुद्र दुभंगत नाही व आकाशातून अग्नी उतरत नाही. प्रभू तेथे मनुष्यास बाहेरून आत नेतो. ज्याने हातून खून केला नाही त्यास तो क्रोधाविषयी विचारतो. ज्याने परस्त्रीस स्पर्श केला नाही त्यास तो नजरेविषयी विचारतो. प्रार्थना चवाठ्यावरून उचलून दार लावलेल्या खोलीत नेतो, आणि दान डाव्या हातापासून लपवितो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्यास आपल्या डोळ्यातील मुसळ दाखवितो. शेवटी दोन घरे बांधणारांची गोष्ट सांगतो. एकाचे घर खडकावर व दुसऱ्याचे वाळूवर; आणि ऐकून तसे चालणे हा खडक, नुसते ऐकणे ही वाळू, असा अर्थ तो आपणच उलगडून देतो. तेव्हा शास्त्राचा आंतरिक अर्थ पाहण्याची रीत कोणा पंडिताने बाहेरून आणलेली नाही. ती प्रभूने स्वतः घालून दिलेली आहे.

प्रेषित पौलानेही हेच केले. इस्राएल लोक समुद्रातून गेले ह्यात त्याने बाप्तिस्मा पाहिला, आणि हागार व सारा ह्यांच्या वृत्तांतात दास्य व स्वातंत्र्य पाहिले. तिसऱ्या शतकात आलेक्झांद्रिया नगरात शिकविणाऱ्या ओरिगेन ह्या विद्वानाने असे मांडले की, जसे मनुष्यास शरीर, जीव व आत्मा तसे शास्त्रासही तीन अर्थ आहेत. त्याच्या मागून अंत्युखियाच्या शिक्षकांनी सावध केले की, घडलेली गोष्ट बाजूस सारून मनास वाटेल तो अर्थ लावू नये. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपण ध्यानात ठेवावे. आणि आम्हां मराठी लोकांस तर ही रीत मुळीच परकी नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांतील विंचू शेतातला नसून कामक्रोधाचा आहे, हे आमच्या खेड्यातील निरक्षर म्हाताऱ्यासही कळते. टिळक ह्याच वातावरणात वाढले होते. तुकारामाच्या अभंगांनी माझी वाट केली व त्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत असत.

आता हे पाहा की, आतला अर्थ कळल्यावर टिळक स्वस्थ बसले काय? पुस्तक आवडले, प्रवचन मनास पटले, एवढ्यावर ते राहिले असते तर त्यांची नोकरी, जात व संसार ही तिन्ही सुखरूप राहिली असती. अंतःकरणात ख्रिस्तास मानणारे व बाहेर पूर्ववत् वागणारे सुशिक्षित लोक त्या काळी थोडे नव्हते. टिळकांनीही काही काळ विलंब केला, पत्रव्यवहाराने शंका विचारल्या, रात्री जागून काढल्या. परंतु ज्या प्रवचनाने त्यांस धरले होते त्यातच दिवा मापाखाली ठेवू नये असे सांगितलेले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतील त्या गृहस्थांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत सुमारे तेव्हाच भरत होती.

ह्या पावलाची किंमत एकट्या टिळकांनी भरली नाही. लक्ष्मीबाई तेव्हा आप्तांच्या आश्रयाने राहत होत्या व पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा होता. बातमी कळताच त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नाहीसा झाला, आणि लोकांत तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही. पतिपत्नींचा हा वियोग चार वर्षांहून अधिक चालला. टिळक पत्रे लिहीत, कविता लिहीत, भेटीस येत. पण धर्म बदल असे त्यांनी पत्नीस बळाने कधी सांगितले नाही. आपल्या मंडळ्यांतही अशी घरे आहेत जेथे एक जण प्रभूकडे आला व दुसरा आला नाही. अशा बंधूंनी व भगिनींनी टिळकांचा हा धीर पाहून ठेवावा.

अखेर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. चूल निराळी, पाणी निराळे. मग राहुरी येथे एके दिवशी त्या आपल्याशीच विचार करू लागल्या की, देवाने पशुपक्ष्यांत निरनिराळ्या जाती केल्या त्या डोळ्यांस दिसतात, पण माणसांतल्या ब्राह्मण-महार ह्या जाती देवाने केल्या की माणसांनी? ह्या एका प्रश्नाने त्यांच्या आतील भिंत पडली. त्यांनी ठरविले की ह्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, आणि तसे त्या वागू लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचकहो, यरीहोचे तट पडले ही गोष्ट आपण पुष्कळदा वाचतो. ती घडलेली गोष्ट आहेच. पण राहुरीच्या एका घरात एका स्त्रीच्या मनात जो तट पडला तोही तितकाच खरा होता. आणि तो पडल्याचा पुरावा हा की, त्यानंतर त्या घरचे पाण्याचे भांडे सर्वांचे झाले.

टिळक अहमदनगरास मिशनच्या सेमिनरीत शिकवीत असत. तेथून किती तरी उपदेशक तयार होऊन खेड्यापाड्यांत गेले. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मरणापर्यंत त्यांनी ज्ञानोदय पत्राची मराठी बाजू सांभाळली. मराठी लोक त्यांस कवी म्हणून ओळखतात. केवढे हे क्रौर्य ही त्यांची पक्षिणीवरील कविता शाळेतल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या पाठ केली, व बालकवी ठोमरे ह्यांच्यासारखा थोर कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. पण मंडळीस त्यांनी दिलेले सर्वांत मोठे धन म्हणजे त्यांची गीते व अभंग. त्यापूर्वीची बरीच गीते परक्या चालींवर बसविलेली असत व खेड्यातील जिभेस ती जड जात. टिळकांनी टाळमृदंगाची भाषा प्रभूच्या चरणी वाहिली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू होतो व आई होतो. वधस्तंभ दूर यरुशलेमेबाहेर उभा न राहता गाणाराच्या स्वतःच्या अहंकारावर येऊन उभा राहतो. आमच्या मंडळ्यांत ही गीते आजही गाइली जातात. शास्त्राचा आंतरिक अर्थ अक्षर न येणाऱ्या बहिणीपर्यंत पोहोचला तो बहुधा ह्याच वाटेने.

त्याच वेळी टिळकांस घडलेल्या इतिहासाचा विसर पडला नव्हता. १९०९ साली त्यांनी ख्रिस्तायन हे प्रभूच्या चरित्राचे महाकाव्य आरंभिले. ज्यास केवळ कल्पनेतील ख्रिस्त पुरे वाटला असता तो जन्म, गाव, माणसे व वाटा ह्यांचे वर्णन करीत बसला नसता. हे काव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी, ज्यांस शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, अनेक अध्याय रचून ते तडीस नेले. हृदयात जन्मणारा ख्रिस्त व बेथलेहेमात जन्मलेला ख्रिस्त ह्या दोहोंस टिळकांनी कधी वेगळे केले नाही.

टिळक सर्वस्वी पालटले असे सांगून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाही. त्यांचा क्रोध प्रसिद्ध होता. क्षणात तापत, क्षणात विरघळत, व त्या तापाची झळ घरच्यांस लागे. लक्ष्मीबाईंनी हे आपल्या पुस्तकात प्रेमाने व विनोदाने, पण काही न लपविता लिहिले आहे. म्हणजे ज्या प्रवचनात क्रोधाचे मूळ दाखविले आहे, त्याच प्रवचनाने धरलेला हा मनुष्य क्रोधाशीच जन्मभर झुंजत राहिला. ह्याने आमच्या उपदेशक बंधूंनी निराश होऊ नये. धान रोवले त्या दिवशीच कोणी कापणीस जात नाही. नवा जन्म एकदा होतो, पण नव्या मनुष्याची वाढ दिवसेंदिवस होत असते. आणि ज्यास आपल्या आतील गवत दिसू लागले त्यास निदान आपले शेत तरी दिसू लागले, असे आम्ही समजतो.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी आणखी एक धाडसाचे पाऊल टाकले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला व साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ आरंभिला. प्रभूस गुरू मानणारे सर्व, बाप्तिस्मा झालेले व न झालेले, ह्या दरबारात एका पंक्तीस बसावे अशी त्यांची इच्छा होती. ह्यावर पुष्कळ मतभेद झाले, आणि मंडळीतील सर्वांस ते रुचले नाही. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. परंतु ज्यांस दुसऱ्याच्या पगाराचा व मानाचा आधार होता त्यांनी तो सोडून उतारवयात केवळ प्रभूच्या शब्दावर उभे राहावे, ही गोष्ट लहान नव्हे. राजनांदगावास उद्याची चिंता करू नका हा उपदेश त्यांनी वाचला होता. साताऱ्यास तो त्यांनी अंगावर घेतला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. शास्त्रातील स्थळे व गोष्टी आपल्या अंतःकरणाच्या खुणा म्हणून वाचाव्या काय? टिळकांचे चरित्र पाहून आम्ही असे म्हणू की, अवश्य वाचाव्या; पण तीन गोष्टी सांभाळाव्या.

पहिली ही की, जे घडले ते आधी नीट वाचावे. गोष्ट पुरती न सांगता जो अर्थ सांगू लागतो, त्याचे घर पायावाचून उभे राहते. खेड्यातील श्रोत्यांस आधी मोशे, समुद्र व पलीकडचा काठ दिसू द्या; मग त्यांच्या आतील मिसर देशाविषयी बोला.

दुसरी ही की, आतला अर्थ प्रथम स्वतःस लावावा. फारो म्हणजे गर्व असे शिकवून आपण गावच्या पाटलाकडे बोट दाखविले, तर शास्त्र आपल्या आत गेलेच नाही. टिळकांनी डोंगरावरील प्रवचन वाचून देशाचे दोष मोजण्याआधी आपल्या जन्माचा अभिमान मोजला.

तिसरी सर्वांत कठीण आहे. जो अर्थ आत उतरला तो बाहेर दिसला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत. तलावाचे पाणी आत साठते खरे, पण ते पाटाने बांध्यांपर्यंत गेले तरच भात पिकतो. दाराशी आलेल्या शेजाऱ्यास पाणी देताना जर कोणाची जात आठवत असेल, उपासनेत कोणी कोणाजवळ बसावे ह्याचा हिशेब जर मनात चालत असेल, नवरा बायकोवर व सासू सुनेवर पूर्वीप्रमाणेच हात उगारीत असेल, तर यार्देन आपल्या आत आहे असे कितीही गोड बोलले तरी आपण अजून अलीकडच्याच काठावर उभे आहो. अंतःकरणाच्या नावाखाली आचरणातून सुटका करून घेणे ही ह्या वाचनातील मोठी फसगत आहे. टिळकांस ती सोपी वाट मोकळी होती, व त्यांनी ती धरली नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने मत्तयाचे पाच, सहा व सात हे तीन अध्याय काढून सावकाश वाचावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस घरच्या मुलांनी वाचून दाखवावे. ज्या वाक्याशी मन अडेल तेथे टिळकांप्रमाणे थांबावे, आणि त्या एका वाक्याप्रमाणे घरात किंवा गावात एक तरी गोष्ट करून मगच पुढचे पान उलटावे. प्रभू आपणां सर्वांस तसे वाचण्याची बुद्धी व तसे चालण्याचे बळ देवो.